असईच्या दोन लाल फौजा

मराठ्यांची फौज रंगवायची म्हटलं की हात आधी भगव्या रंगाच्या बाटलीकडे जातो. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे डोळ्यांत इतके पक्के बसलेले असतात, की चोळणा, शेला, मुंडासं आणि ढाल-तलवार यापलीकडचा मराठा शिपाई आपल्याला सुचतच नाही. पण टेबलावर मांडायची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, म्हणजे असईची असेल, तर हा मावळा तिथे सव्वाशे वर्षं उशिरा पोचलेला असतो. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी त्या दिवशी युरोपीय अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली, चकमकीच्या बंदुका आणि संगिनी घेऊन रांगेत उभ्या होत्या. हे कंपू, म्हणजे कवायती ब्रिगेड, महादजी शिंद्यांच्या काळात डी बॉयन या युरोपीय सेनानीने घडवले. त्यांच्या तिलंगा, म्हणजे कवायती शिपायांच्या, पलटणींचा पोशाख जुन्या लेखकांनी असा दिलाय: लाल डगला, निळी पगडी, काळे चामडी पट्टे. आणि समोरून ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने आर्थर वेलस्ली आला तो मद्रासी शिपायांच्या आणि स्कॉटिश पलटणींच्या लाल रांगा घेऊनच.

म्हणजे दोन्ही बाजू लाल. तरी खेळणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की कोण कुणाचा. असईची फौज रंगवणाऱ्याची खरी परीक्षा इथेच आहे. ही अडचण नीट सोडवता आली तर प्लासी, वॉटर्लू, पानिपत, कुठलीही फौज हाताखालून जाईल.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रशियाच्या लष्करात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अधिकाऱ्यांना नकाशावर लढाया खेळवून तयार करत. १९१३ साली एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहिलं आणि तो प्रकार घराघरांतल्या जमिनीवर आला. आज सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, मोजपट्टी, फासे आणि रंगवलेले छोटे शिपाई एवढ्यावर ऐतिहासिक लढाई मांडता येते. नियमांच्या वह्या डझनांनी आहेत. त्यांत न शिरता थेट रंगाकडे वळू.

तीन फुटांवरून काय दिसतं?

एक शिपाई रंगवणं आणि फौज रंगवणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्पर्धेसाठी रंगवलेला एकच पुतळा लोक भिंग घेऊन बघतात. फौज मात्र टेबलाच्या कडेला उभं राहून, म्हणजे साधारण तीन फुटांवरून बघितली जाते. तिथून डोळ्यांची बुबुळं दिसत नाहीत, गुंड्यांची संख्या मोजता येत नाही. दिसतं ते एवढंच: रांगेचा एकूण रंग, छातीवरच्या पट्ट्यांची फुली, डोक्यावरचं काय ते, निशाण आणि बेसची, म्हणजे पायाखालच्या तबकडीची, कड. ज्याला हे पटलं त्याची फौज पुरी होते. ज्याला पटत नाही त्याच्याकडे चार अप्रतिम शिपाई आणि दोनशे नागडे धातूचे तुकडे डब्यात पडून राहतात.

त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर तो शिपाई हातभर लांब धरून बघायची सवय लावा. हातभर अंतरावरून जे दिसत नाही त्यावर वेळ घालवायचा नाही. उलट जे दिसतं ते खऱ्यापेक्षा थोडं ठळक करायचं. लहान वस्तूवर प्रकाश कमी खेळतो, म्हणून तिच्यावर कुठलाही रंग मूळ कापडापेक्षा गडद भासतो. खऱ्या डगल्याच्या तुकड्याशी तंतोतंत जुळवलेला लाल २८ मिलिमीटरच्या माणसावर काळपट दिसतो. १५ मिलिमीटरला तो आणखी उजळ हवा आणि ६ मिलिमीटरला जवळजवळ भडक.

किती माणसं, केवढी

वेलस्लीच्या रांगेत दोन स्कॉटिश आणि चार मद्रासी अशा सहा पायदळ पलटणी होत्या. घोडदळात एकोणिसावी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रासची तीन रेजिमेंट्स. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे स्वार. समोर अँथनी पोलमनचा मोठा कंपू, बेगम समरूच्या पलटणी, डुपाँच्या पलटणी असं मिळून साधारण साडेदहा हजार कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि शिंदे-भोसल्यांचं अफाट घोडदळ.

आता हिशेब मांडा. एका फिगरला वीस माणसं धरली, तर पाचशेच्या आसपास असलेली ७४ वी हायलँडर्स २४ फिगरची होते. चाळीस मिलिमीटरच्या चौकोनी बेसवर चार असे सहा बेस. हे ठीक आहे. पण त्याच प्रमाणात शिंद्यांचं नुसतं पायदळच सव्वापाचशे फिगरचं होतं. २८ मिलिमीटरमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालेल आणि घरात टेबलाला जागा उरणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: अख्खी असई मांडायची तर १५ किंवा ६ मिलिमीटर घ्या. लढाईचा एक कोपरा मांडायचा तर २८ घ्या आणि मजेत रंगवा. दोन्ही हव्यात म्हणणाऱ्याचं एकही होत नाही. ‘ब्लॅक पावडर’सारख्या नियमांत फिगरची संख्या ठरलेली नसते, पलटणीची रुंदी तेवढी बघतात. त्यामुळे चोवीसऐवजी सोळांची पलटण केली तरी कुणी बोट दाखवत नाही.

धातूच्या फिगर परदेशातून मागवाव्या लागतात आणि टपालखर्च, जकात धरून त्या महाग पडतात. म्हणून आपल्याकडे रेझिनचं थ्रीडी प्रिंटिंग लोकप्रिय होतंय. फाइल विकत घ्यायची आणि प्रिंटरवाल्याकडून छापून घ्यायची. अशा फिगर हातात आल्या की आधी खात्री करा की त्या नीट धुतलेल्या आणि पुरत्या वाळवलेल्या आहेत. चिकट लागणाऱ्या रेझिनवर रंग धरत नाही, आणि ते हातमोज्यांशिवाय हाताळूही नये. धातूच्या फिगरची साच्याची रेघ कानशीने काढून, त्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवल्या की झालं.

टेबलावरचं सामान

ब्रश तीनच पुरे: कपड्यांसाठी दोन नंबर, बारकाव्यासाठी एक नंबर आणि ड्रायब्रशला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, एक जुना, केस फिसकटलेला. बारीक कामाला तीन शून्यांचा ब्रश घ्यायचा मोह होतो, पण त्यावर रंग टोकाला पोचायच्या आतच वाळतो. चांगलं टोक असलेला एक नंबर जास्त उपयोगी. पैसे खर्चायचे तर इथे खर्चा. सेबलच्या केसांचा एक ब्रश नीट धुतला तर पलटणीच्या पलटणी रंगवतो.

रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक. वालेहो, सिटाडेल वगैरे खास मिनिएचरसाठीचे रंग बारीक दळलेले असतात, पातळ केले तरी झाकतात. आपल्या स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिक रंग जमीन, झाडं, घोडे, तोफगाडे यांना उत्तम चालतात, पण डगला आणि चेहरा यांसाठी चार-सहा बाटल्या चांगल्या घ्याव्यात. रंग ताकाइतका पातळ करून दोन हात द्यायचे, एकच जाड थर नाही. आपल्या हवेत, विशेषतः मार्च ते मे, पॅलेटवरचा रंग बघता बघता सुकतो. त्यावर उपाय सोपा: प्लास्टिकच्या पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

आठ ते बारा शिपाई एकदम घ्यायचे, आइसक्रीमच्या काड्यांवर चिकटवायचे आणि एक रंग सगळ्यांना लावून झाल्यावर दुसरा घ्यायचा. बारापेक्षा जास्त घेतले की कंटाळा येतो, आणि कंटाळलेला हात पट्ट्याची रेघ वाकडीच मारतो.

लाल आणि लाल

आता मुख्य काम. लाल हा कटकटीचा रंग आहे. ॲक्रिलिकमधला लाल पारदर्शक असतो. काळ्या प्रायमरवर तो चार हात दिले तरी मातकट राहतो, पांढऱ्यावर दिला तर गुलाबीकडे झुकतो. म्हणून लाल फौजेला प्रायमर काळा किंवा पांढरा न घेता तांबूस-तपकिरी किंवा मधला करडा घ्या. तपकिरीवर लाल दोन हातांत बसतो आणि घड्यांमध्ये उरलेला तपकिरी आपोआप सावली देतो.

इंग्रजी फौजेतल्या साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेच्या रंगात रंगवलेला असे. तो विटेच्या जवळ जाणारा, थोडा मळका लाल. अधिकाऱ्यांचं कापड महागड्या किरमिजी रंगाचं, झगझगीत. टेबलावर हा फरक दाखवण्यासारखा आहे, कारण चोवीस विटकरी डगल्यांत दोन उजळ डगले दिसले की अधिकारी सांगावा लागत नाही. कंपनीच्या रांगेसाठी मी असा क्रम घेतो: तळाला गडद तांबूस-तपकिरी, त्यावर विटकरी लाल, आणि उंच भागांवर, म्हणजे खांदे, कोपर, छातीच्या कडा यांवर त्याच लालमध्ये थोडा नारिंगी मिसळून. लाल उजळायला पांढरा कधीच घालायचा नाही, तो लगेच गुलाबी होतो. नारिंगी नसेल तर अंगाच्या रंगाचा थेंब चालतो. शेवटी तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, तोही फक्त पट्ट्यांच्या कडेने आणि बाहीच्या सांध्यात.

शिंद्यांच्या तिलंग्यांना दुसरा लाल द्या. पाया काळपट किरमिजी, त्यावर निळसर झाक असलेला लाल, उजाळा अगदी थोडा. एक लाल ऊबदार, एक थंड, असं केलं की तीन फुटांवरून दोन्ही रांगा वेगळ्या होतात. आणखी एक गोष्ट करा: कंपूतल्या प्रत्येक पलटणीसाठी लालमध्ये थोडा फरक ठेवा, एकीत तपकिरी जास्त, एकीत फिकट. दीर्घ मोहिमेत पावसापाण्याने विटलेले डगले असेच दिसणार. कंपनीच्या बाजूला उलट सगळे एका बाटलीतून रंगवा.

पण खरा फरक पट्टे करतात. इंग्रजी शिपायाच्या छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची ठसठशीत फुली असते, तिलंग्यांच्या छातीवर काळी. हा तपशील आपल्या अडचणीचं अर्धं उत्तर आहे. पांढरे पट्टे थेट पांढऱ्याने मारू नका. आधी मधला करडा, त्यावर कडेला करड्याची बारीक रेघ शिल्लक ठेवून मळका पांढरा. करडी रेघ लाल आणि पांढऱ्यामध्ये कुंपण घालते, आणि तीन फुटांवरून पट्टा कोरल्यासारखा उठून दिसतो. काळ्या पट्ट्यांचं उलटं दुखणं. शुद्ध काळा गडद लालमध्ये बुडून जातो, म्हणून कोळशाचा करडा घ्या, वरच्या कडेला एक फिकट रेघ ओढा आणि पट्ट्यावर बकल कोरलेलं असेल तर त्याला पितळेचा ठिपका द्या. तो ठिपका रांगेत चमकला की पलटण जिवंत होते.

मद्रासी शिपायाला जवळून बघू

एकच शिपाई घेऊन सांगतो. मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीचा शिपाई लाल डगला आणि गडद निळी पगडी घालत असे. खाली मांडीपर्यंतचा पांढरा जांगिया, त्याच्या काठाला निळ्या त्रिकोणांची नागमोडी नक्षी, पाय उघडे. ही नक्षी पाहून बरेच जण घाबरतात. ती रेघ मारून काढायची नसते. जांगियाच्या काठाला आधी सलग निळी पट्टी द्या. वाळली की मळक्या पांढऱ्याने वरून खाली छोटे त्रिकोणी टोचे द्या, प्रत्येक पायाला पाच-सहा. निळ्याचे उरलेले त्रिकोण आपोआप नक्षी होतात. १५ मिलिमीटरला नुसती निळी पट्टी पुरते.

इथे आणखी एक फायदा मिळतो. तिलंग्यांसाठी मी लांब सुरवार घातलेल्या फिगर निवडतो, म्हणजे मद्रासी बाजूला गुडघ्याखाली सावळे पाय आणि शिंद्यांच्या बाजूला पायघोळ पांढरं कापड. पट्टे, पाय आणि लालच्या दोन छटा, एवढ्यात दोन फौजा सुटतात.

अंगाचा रंग हा आपल्या हौशी लोकांनी विशेष लक्ष द्यावा असा भाग. बाजारात मिळणारे ‘फ्लेश’ नावाचे रंग गोऱ्यांसाठी बनवलेले असतात. त्यात काळा मिसळून सावळा करायला गेलात तर राखेचा रंग येतो. सुरुवातच तांबूस तपकिरीने करा, उजाळ्याला त्यात पिवळी माती मिसळा, पांढरा नको. एका रांगेत तीन-चार वेगळ्या छटा ठेवा, सगळे एकाच वर्णाचे कुठे असतात? नाकाचा शेंडा, गालाची हाडं, मुठी आणि गुडघे एवढे उजळले की पुरे. डोळ्यांच्या जागी पगडीखाली एक गडद आडवी सावली, बुबुळ नाही. मिशी मात्र विसरू नका. हिंदुस्थानच्या उन्हात वर्षं काढलेल्या स्कॉटिश शिपायांनाही दुधाळ गोरेपण देऊ नका, नाकाला आणि गालांना तांबडा हात द्या.

७४ व्या पलटणीचं कॉलर-कफ पांढरं, दुसऱ्या स्कॉटिश पलटणीचं, म्हणजे ७८ वीचं, फिकट पिवळसर. ७४ वी पांढऱ्या तुमानींत आणि काळ्या गोल टोप्यांत रंगवा. घाघऱ्याचा चौकडा रंगवायचा त्रास वाचतो, ही हिंदुस्थानी उकाड्याची कृपा. एकोणिसाव्या ड्रॅगून्सचे डगले मात्र निळसर करडे, कॉलर-कफ पिवळं. ही एकच रेजिमेंट लाल समुद्रात वेगळी उठते, तेव्हा ती आधी रंगवून टाका, मन उल्हसित राहतं.

निशाणं

निशाणं कागदावर छापून घ्या, काठीला गुंडाळून फेविकॉलने चिकटवा आणि गोंद ओला असतानाच पेन्सिलीवर वळवून घड्या द्या. कागदाची पांढरी कड जवळच्या रंगाने झाका, नाहीतर तीच पहिली दिसते. इंग्रजी पलटणीची दोन निशाणं: एक राजाचं, एक रेजिमेंटचं. ७४ वीचं कॉलर पांढरं, म्हणून तिचं रेजिमेंटचं निशाण पांढऱ्यावर लाल क्रूस असलेलं, कोपऱ्यात युनियन.

एक सापळा सांगून ठेवतो. ‘असई’ हा शब्द आणि हत्ती असलेली निशाणं इंटरनेटवर सहज मिळतात आणि दिसतातही देखणी. पण हा मान या लढाईबद्दल लढाईनंतर मिळाला. असईच्याच टेबलावर असई लिहिलेलं निशाण फडकवायचं म्हणजे नवरदेवाच्या हातात आधीच बारशाची पत्रिका. हत्ती पुढच्या मोहिमेसाठी ठेवा. शिंद्यांच्या स्वारांना भगवा आणि जरीपटका, आणि तिथे मात्र भगव्या बाटलीचं झाकण मनसोक्त उघडा.

स्वार आणि घोडे

पायदळात एकसारखेपणा हवा, तर मराठी घोडदळात एकसारखेपणा हाच दोष. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येत, बारगिराला सरकारी पागेतून घोडा मिळे. त्यामुळे शिलेदारांच्या बेसवर दोन माणसं एकसारखी नकोत, बारगिरांच्या बेसवर थोडा मेळ चालेल. पण विविधता म्हणजे वाटेल ते रंग नव्हेत. त्या काळी कापडाचा रंग निळीतून, मंजिष्ठेतून, लाखेतून, हळदीतून येई, आणि बहुतेक माणसं कोऱ्या मांजरपाटात असत. म्हणून पॅलेटवर सहाच रंग घ्या: मळका पांढरा, फिकट तपकिरी, नीळ, विटलेला लाल, हळदी पिवळा, मातकट हिरवा. बारा स्वार रांगेत ठेवून पहिल्या रंगाने प्रत्येकाच्या वेगळ्या भागाला हात लावा: एकाची पगडी, दुसऱ्याचा अंगरखा, तिसऱ्याची सुरवार, चौथ्याच्या घोड्याचं खोगीर. मग दुसरा रंग. सहा रंग फिरून झाले की बारा वेगळी माणसं तयार होतात आणि तरी सगळी एकाच फौजेतली दिसतात. अर्ध्याहून अधिक कापड मळकं पांढरं राहू द्या, रंगीत पगड्या त्यामुळेच उठतात.

इथे झटपट पद्धतही कामाची आहे. काळा स्प्रे, वरून करड्याचा ड्रायब्रश, त्यावर मळक्या पांढऱ्याचा हलका ड्रायब्रश आणि मग एका हातात बसणारे पारदर्शक रंग, जसे गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये काढलेले कॉन्ट्रास्ट. अनियमित स्वारांना ही पद्धत उत्तम. लाल डगल्यांना ती वापरू नका, रंग खोलगट जागी साचून डगले ठिपकेदार होतात.

घोड्यांसाठी जुनी युक्ती आहे आणि तिला तोड नाही. घोड्याला आधी ॲक्रिलिकचा पिवळसर-नारिंगी हात द्या. पूर्ण वाळल्यावर वर तैलरंग, बर्न्ट सिएना किंवा बर्न्ट अंबर, पातळ चोपडा. पंधरा-वीस मिनिटांनी स्पंजच्या तुकड्याने किंवा जुन्या बनियनच्या चिंधीने पुसून काढा. उंच भागांवरून रंग निघतो, खोलगट भागात राहतो आणि घोड्याच्या अंगावर जिवंत तकाकी येते. आपल्याकडे विद्यार्थ्यांचे तैलरंग कुठल्याही स्टेशनरीत मिळतात, दोन ट्यूबमध्ये सबंध घोडदळ होतं. फक्त वाळायला दोन-तीन दिवस द्या, पावसाळ्यात आठवडा. तळाच्या रंगात बदल केला की कुमैत, सुरंग असे निरनिराळे घोडे निघतात. सब्जा घोडा मात्र ड्रायब्रशनेच करावा. अबलख एखादाच, आणि पंचकल्याणी शंभरात दोन-तीन. घोडे दख्खनी, अंगाने लहान आणि काटक, हे फिगर निवडताना लक्षात असू द्या. ड्रॅगून्सच्या मोठ्या घोड्यांच्या शेजारी हा फरक नजरेत भरतो.

तोफा

असई तोफांची लढाई होती. इंग्रजांच्या हाती शेवटी ९८ तोफा लागल्या आणि त्याची किंमत त्यांनी पंधराशेच्या वर माणसं ठार-जखमी होऊन मोजली. तेव्हा शिंद्यांच्या बाजूला तोफा कमी ठेवू नका, चार बटालियनमागे एक मॉडेल म्हणजे अन्याय. नळीला आधी गडद तपकिरी, वर पितळी धातूचा रंग, मग तपकिरी वॉश, आणि तोंडाच्या कडेला व पट्ट्यांवर उजळ सोनेरी रेघ. बत्ती द्यायच्या भोकाजवळ काळी भुकटी चोळा. तोफेमागे बैल ठेवता आले तर आणखी बरं.

या लढाईत इंग्रज रांग पुढे निघून गेल्यावर तोफांजवळ मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून पुन्हा मारा केला. त्यासाठी पडलेल्या गोलंदाजांच्या दोन-तीन फिगर वेगळ्या छोट्या बेसवर रंगवून ठेवा. खेळात तोफ परत सुरू झाली की त्या उचलायच्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि टेबलाभोवती सगळ्यांत जास्त चर्चा त्याचीच होते.

माती

बेस हा दोन फौजांना एका जमिनीवर आणणारा भाग आहे. भोकरदनजवळची केळणा आणि जुई या नद्यांमधली जमीन काळीभोर, आणि सप्टेंबरअखेर म्हणजे पाऊस सरत आलेला, गवत हिरवं, खरिपाचं पीक उभं. परदेशी कॅटलॉगमध्ये हिंदुस्थानी फौज बहुतेक वेळा पिवळ्या वाळवंटावर उभी असते. ती नक्कल करू नका.

खरी काळी माती वापरता येते, पण एक पथ्य आहे. ती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते, आणि त्या भेगा शिपायाच्या पायापेक्षा रुंद होतात. म्हणून चहाच्या गाळणीने चाळून, जुन्या तव्यावर भाजून, तिच्यात दुप्पट बारीक वाळू मिसळा. बेसवर फेविकॉलचा पातळ थर, त्यावर हे मिश्रण, झटकून टाकायचं, वाळलं की पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात. आता बेस इतका काळा दिसेल की निळी पगडी आणि सावळे पाय त्यात हरवतील. त्यावर मळकट तपकिरी आणि मग फिकट खाकीचा ड्रायब्रश दिल्याशिवाय सोडू नका. दोन मिलिमीटरचं हिरवं गवत तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये मातीचा श्वास राहील असं. असईला गेलातच तर तिथली मूठभर माती आणायला कुणाची हरकत नसावी.

शेवटी वार्निश. खेळताना फिगर बोटांनी उचलल्या जातात, धातूवरचा रंग नाकावर आणि संगिनीच्या टोकावर आधी उडतो. म्हणून एक हात चकचकीत वार्निश, वाळल्यावर मॅट. स्प्रेचं मॅट वार्निश दमट हवेत मारलं तर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर स्प्रेला हातच लावू नका, ब्रशने लावायचं वार्निश वापरा. प्रायमरचीही तीच गोष्ट, पावसाळ्यापुरते शिपाई मे महिन्यातच प्राइम करून ठेवा.

खेळायला दोन्ही फौजा पुऱ्या व्हायची वाट बघायची गरज नाही. वेलस्लीच्या उजव्या बाजूचे पिकेट्स, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या, आणि त्यांच्यामागून ७४ वी चुकून असई गावाच्या फार जवळ गेली, तोफांच्या माऱ्यात सापडली, वरून मराठी घोडदळ येऊन पडलं आणि इंग्रजी घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल याच्या ड्रॅगून्सनी येऊन तिचा उरलेला भाग वाचवला. पलटणीचे चारशेच्या आसपास लोक त्या दिवशी पडले. एवढाच तुकडा मांडायचा तर लागतं काय? ७४ वीच्या चोवीस फिगर, पिकेट्सच्या आठ, ड्रॅगून्स बारा. समोर तिलंग्यांच्या दोन पलटणी, चार तोफा, चोवीस शिलेदार आणि मातीच्या भिंतींची पाच-सहा घरं. चार फूट बाय चार फुटांवर हे मावतं. आठवड्याला दोन संध्याकाळी दिल्या तर दिवाळीला सुरू केलेली फौज शिमग्याच्या आसपास टेबलावर उतरते. पहिला खेळ तिलंग्यांच्या बाजूने खेळा, तोफा तुमच्याकडे असतील.